डाव्या अंगठ्याची निशाणी

एका माणसाचा डावा अंगठा भातगिरणीच्या पट्ट्यात तुटला, आणि त्यानंतर जवळजवळ वर्षभराने मी त्याच डाव्या अंगठ्याचा ठसा सरकारी अर्जावर उमटवून घेतला. चांगला ठसठशीत ठसा होता. एकही रेघ फिसकटलेली नाही. त्याखाली माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा'. त्याखाली 'समक्ष' असं लिहून स्वतःची सही केली आणि सहीखाली दोन रेघा ओढल्या. दुसरी रेघ कशासाठी होती ते आज सांगता येणार नाही. तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि सगळ्याच गोष्टींखाली दोन रेघा ओढत होते.

तुम्हाला वाटेल, बाई लबाड होती. लबाड असते तर बरं झालं असतं. लबाड माणूस निदान पुढचा विचार करतो. मी हुशार होते.

हुशारीचा पुरावा म्हणजे माझं मॅट्रिकचं सर्टिफिकेट. ते रुखवतात चिवड्याच्या डब्याशेजारी मांडावं असा मी हट्ट धरला होता. आईने डोळे वटारले म्हणून राहिलं. सासर पनवेलचं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, तालुक्याच्या कोर्टात वकिली करत. बोलण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होते आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते विषय बदलत. त्यामुळे त्यांचे कागद वाचायचे आणि अर्ज लिहायचे हे काम हळूहळू माझ्याकडे आलं. ओटीवर त्यांची बैठक होती. त्यांच्या गादीला लागून एक उतरतं मेज आणि मेजामागे मी, डोक्यावर पदर आणि हातात टाक.

"सून आणलीत की कारकून?" सासूबाईंनी एकदा विचारलं.

"कारकून रजा मागतो," मामंजी म्हणाले.

त्यांच्या पुस्तकांत कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्याचं एक पातळ पुस्तक होतं. त्याच्या शेवटी एक तक्ता होता. शरीराचा कोणता भाग गेला म्हणजे माणसाची कमाईची ताकद किती गेली, ते त्यात लिहिलेलं. हात कोपराच्या वर गेला तर इतकी, कोपराखाली गेला तर इतकी, अंगठ्याला अमुक, करंगळीला त्याहून बरंच कमी. तो तक्ता मी कादंबरी वाचावी तसा वाचला. मग घरातल्या माणसांवर चालवून पाहिला. जिभेचा उल्लेख त्यात कुठेच सापडला नाही, नाहीतर आमच्या घरातली सर्वांत मौल्यवान वस्तू सासूबाईंकडे निघाली असती. हे मी नवऱ्याला सांगितलं. तो हसला आणि दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांना सांगून आला. असो.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. पनवेलला तेव्हा भातगिरण्या पुष्कळ. सुगीनंतर आपट्याकडून, शिरढोणकडून भाताच्या गाड्या येऊन गिरण्यांपुढे उभ्या राहायच्या आणि दिवसभर तुसाचा धुरळा गावावर तरंगायचा. दुपारी वाळत घातलेलं लुगडं संध्याकाळी झटकूनच घ्यावं लागे. गिरणीत एक इंजिन असे. त्याच्या चाकावरून लांबलचक चामडी पट्टा भात सडायच्या यंत्रापर्यंत जाई. पट्टा जुना झाला की चाकावरून घसरू लागतो. तो घसरू नये म्हणून त्याच्या आतल्या अंगाला राळ लावतात. खरं तर इंजिन थांबवून लावायची. पण इंजिन थांबवलं की पुन्हा सुरू करायला अर्धा तास जातो, गाड्या खोळंबतात आणि गाडीवान आरडाओरडा करतात. म्हणून सगळ्या गिरण्यांत ती चालत्या पट्ट्यावरच लावत.

खाडीकाठच्या एका गिरणीत एक आगरी माणूस कामाला होता. घर पलीकडच्या वाडीत, घरी बायको, दोन मुली आणि म्हातारी आई. तो असाच राळ लावत होता. हात पट्ट्याबरोबर चाकाखाली गेला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं तुटली आणि उरलेली दोन वाकडी होऊन बसली. जखम भरायला चार महिने लागले. पुढे ओझं उचलणं नाही, गाठ मारणं नाही, होडी वल्हवणं तर नाहीच.

कायदा असा होता की कामावर असताना माणूस जायबंदी झाला तर मालकाने भरपाई द्यायची. एकट्या मालकाने, त्याच्या स्वतःच्या खिशातून. इथे मालक म्हणजे गिरणीचे शेठ. मनुष्य वाईट नव्हता. किडकिडीत, काळी टोपी, सदा तोंडात वेलची. गिरणी त्यांनी कर्ज काढून घातली होती. त्यांनी साफ सांगितलं, "हा माझा नोकर नव्हेच. गाडीबरोबर आलेला हमाल. पट्ट्याला हात लाव म्हणून त्याला कुणी सांगितलं होतं?"

रोजंदारीच्या माणसांची नावं लिहून ठेवायची पद्धत नव्हती, त्यामुळे कागद कुठलाच नाही. बाकीचे कामगार शेठच्याच हाताखाली, ते कशाला तोंड उघडतात? तेव्हा सगळं अडलं होतं एका प्रश्नावर. हा माणूस गिरणीचा की नाही? गिरणीचा ठरला तर त्या घराला काही मिळणार, नाही तर काही नाही.

वर्षभर नवराबायको दोघं शेठच्या दारात खेपा घालत राहिली. अर्ज करायला वर्षाची मुदत असते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मामंजींकडे आली तेव्हा मुदतीला आठवडा उरलेला. मामंजींनी त्यांचं सगळं ऐकलं, मला मजकूर सांगितला आणि दुसऱ्या एका खटल्यासाठी अलिबागला गेले. जाताना म्हणाले, "सूनबाई, परवा ती दोघं येतील. छापील फॉर्म भर, निशाणी घे आणि रजिस्टर पोस्टाने पाठव. काही अडलं तर मी येईपर्यंत थांब. मी आल्यावरही दोन दिवस हातात राहतील."

थांब म्हणाले होते. हे मला स्पष्ट आठवतं. तेव्हाही आठवत होतं.

ती दोघं सकाळीच आली. तो पायरीवर बसला, दुखरा हात धोतराच्या सोग्यात गुंडाळलेला. ती त्याच्यामागे उभी. काटक बाई, गुडघ्याच्या वर खोचलेलं लुगडं. मी फॉर्म पुढ्यात ओढला आणि फार मोठ्या वकिलासारखा प्रश्न टाकला, "तू गिरणीचाच माणूस, याला पुरावा काय?"

ती म्हणाली, "मूठ येयाची ना आमच्याकडं."

"कसली मूठ?"

तेव्हा तिने सांगितलं. संध्याकाळी गिरणीतल्या माणसांना घरी न्यायला थोडी कणी, म्हणजे सडताना तुटलेला तांदूळ, मिळायची. त्यांच्यातलं कुणी जायबंदी होऊन घरी पडलं, की दाराशी एक टोपली ठेवत. बाहेर पडताना प्रत्येकाने आपल्या कणीतली एक मूठ तिच्यात टाकायची आणि ती टोपली त्याच्या घरी पोचवायची. हे फक्त गिरणीच्या माणसासाठी. मागे गिरणीच्या अंगणातच एका गाडीवानाच्या पायावरून चाक गेलं होतं, पण त्याच्यासाठी टोपली ठेवली नाही. तो गाडीवाल्यांचा, त्याचं गाडीवाले बघतील.

आता सांगा, याहून चांगला पुरावा कुठे मिळाला असता? पण मी मॅट्रिक ना! मी म्हटलं, "ते राहू दे. कणीच्या मुठी कायद्यात बसत नाहीत. कायद्याचं काय ते बोल."

तिला कायद्याचं काही बोलता येईना. तेव्हा मी पुरावा नाही असं ठरवलं आणि पुढे गेले. मुठीचं मामंजींनाही नंतर सांगितलं नाही.

फॉर्मच्या तळाशी छापलं होतं, 'अर्जदाराची सही अथवा डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी'. मी शाईची गादी सरकवली. त्याने उजवा हात पुढे केला.

"उजवा नाही. डावा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "डावा कुठसून आनू, वयनी? तो गिरनीन रायला."

या ठिकाणी कुठल्याही अडाणी माणसाने उजवा अंगठा घेतला असता. किंवा मामंजी येईपर्यंत वाट पाहिली असती. मी टाक खाली ठेवला आणि विचार केला. छापलंय डावा, म्हणजे डावाच हवा. सरकार काय उगाच छापतं? डावा नाही तर अर्ज फेटाळतील. मग माझ्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला. आमच्या शाळेतल्या बाई शिकवायच्या की पत्नी म्हणजे पतीचं अर्धं अंग, आणि तेही डावं अंग, वामांग. कीर्तनात ऐकलं होतं, लग्नात भटजींनी सांगितलं होतं. मग याचा डावा अंगठा नसला तर याच्या डाव्या अंगाचा तर आहे!

"तू ये पुढे," मी तिला म्हटलं. "हात दे."

तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, लुगड्याला हात पुसला आणि पुढे केला. मी तिचा डावा अंगठा माझ्या हातात धरून शाईत दाबला आणि नवऱ्याच्या नावापुढे उमटवला. मग सही, दोन रेघा, पाकीट, पोस्ट. दुपारी नवऱ्याला ताट वाढताना मी गुणगुणत होते.

महिन्याभराने भरपाईच्या कचेरीतून पत्र आलं. मामंजी ओटीवर बसले होते आणि मी त्यांना खणखणीत आवाजात वाचून दाखवायला सुरुवात केली. "अर्जात नमूद केल्याप्रमाणे अर्जदाराचा डाव्या हाताचा अंगठा अपघातात तुटलेला असल्यास, सदर अर्जावरील डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी कोणाची, याचा..."

इथे माझा आवाज खणखणीत राहिला नाही.

"पुढे वाच," मामंजी म्हणाले.

"...याचा खुलासा करावा."

मी खुलासा केला. शाळेतल्या बाई, कीर्तन, भटजी, सगळं सांगितलं. मामंजी रागावतील म्हणून मी पदराचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं. ते चष्मा काढून धूसर डोळे पुसत म्हणाले, "सूनबाई, त्या माणसाकडे कागद नाही, साक्षीदार नाही. त्याच्याजवळ एकच चीज होती, त्याचा शब्द. आपण त्याच्याखाली खोटा अंगठा लावला."

'आपण' म्हणाले. 'तू' म्हणाले असते तर परवडलं असतं.

त्याच सुमाराला सरकारच्या मनात ही सगळी पद्धत बदलायचं घोळत होतं. भरपाई एकट्या मालकाने द्यायच्या ऐवजी सगळ्या मालकांनी दर महिन्याला थोडी थोडी वर्गणी एका सरकारी फंडात भरावी, जमलं तर कामगारांनीही भरावी, आणि जायबंदी माणसाला त्या फंडातून मिळावं. हे कसं करावं, कुणाकडून किती घ्यावं, यावर लोकांचं म्हणणं ऐकायला भरपाईचे साहेब गावोगाव हिंडत होते. ते पनवेलला येणार होते. आमच्या अर्जाचं गौडबंगाल त्याच फेरीत सोडवू, म्हणून त्यांनी आमची तारीख तिथेच ठेवली. सकाळी आमचं प्रकरण, दुपारी वर्गणीची सभा, दोन्ही सरकारी बंगल्यात.

त्या दिवशी सासूबाईंनी स्वतः माझी वेणी घातली. "हरीण व्याघ्राकडे चाललंय," त्या म्हणाल्या, "निदान नीटनेटकं जाऊ दे."

साहेब पन्नाशीचे, जाडसर, घामाने कॉलर भिजलेली. समोर टेबलावर माझा अर्ज. मी दुरूनच माझ्या दोन रेघा ओळखल्या.

"हा ठसा कुणाचा?"

"यांच्या बायकोचा."

"खाली अर्जदाराची निशाणी असं कुणी लिहिलं?"

"मी."

"का?"

"डावा अंगठा छापलंय. यांना डावा नाही. पत्नी म्हणजे पतीचं डावं अंग, म्हणून..."

साहेबांनी अर्ज डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"हे कोणत्या कायद्यात आहे?"

"शास्त्रात," मी म्हटलं.

"मग त्या शास्त्राप्रमाणे भरपाईपण अर्धीच द्यायची का?"

सगळी खोली हसली. मला वाटलं, धरणीमाता दुभंगली तर बरं. पण बंगल्याची फरशी चांगली मजबूत होती. त्या माणसाची बायको तेवढी हसली नाही. तिला वाटलं साहेब खरंच म्हणताहेत. ती ताडकन उठली. "अर्दी नको, सायेब! हात सगलाच गेलाय त्याचा!"

साहेब एकदम गंभीर झाले. त्यांनी त्या माणसाला जवळ बोलावलं, सोग्यातला हात उघडायला लावला आणि स्वतः पाहिला. मग आपल्यासमोर उजव्या अंगठ्याचा ठसा घेतला आणि मी घेतलेला ठसा आडवी रेघ मारून रद्द केला. अर्ज मुदतीत आला होता, तो जगला. मी श्वास सोडणार इतक्यात शेठ उभे राहिले.

"साहेब, एक विचारतो. जी माणसं अंगठा दुसऱ्याचा लावतात, ती मालक दुसऱ्याचा लावणार नाहीत कशावरून?"

आता कुणी हसलं नाही. मामंजींनी पुष्कळ युक्तिवाद केला, पण ते काय बोलत होते ते मला ऐकूच आलं नाही. मी त्या बाईकडे पाहत होते. ती आपला शाई लागलेला अंगठा दुसऱ्या हातात झाकून बसली होती. शाई कधीच गेली होती, तरी.

"गिरणीचा माणूस होता हे दिसलं पाहिजे," साहेब शेवटी म्हणाले. "अजून तरी दिसत नाही. निकाल संध्याकाळी."

दुपारी सभा भरली. गिरण्यांचे मालक पुढच्या खुर्च्यांवर, मिठागरांचे ठेकेदार त्यांच्यामागे, कामगार दाराशी आणि व्हरांड्यात. आम्हाला घरी जायचा धीर होईना म्हणून आम्ही भिंतीकडेला बसून राहिलो. साहेबांनी फंडाची कल्पना समजावून सांगितली आणि विचारलं, कुणाला काय वाटतं?

मिठागरातला एक माणूस म्हणाला, "सायेब, मिटाचा काम चार-पाच म्हयने. पावसात आमी दुसरीकडं. वर्गनी वरीसभर कशी भरू?"

साहेबांनी लिहून घेतलं. "चांगला प्रश्न आहे. याचं उत्तर अजून आमच्याकडे नाही," असंही म्हणाले. सरकारी माणसाच्या तोंडून हे वाक्य मी त्यानंतर कधी ऐकलं नाही.

एक मालक म्हणाला, वर्गणी सगळ्या गिरण्यांना लावली तरच चालेल. एकाने भरली आणि शेजारच्याने बुडवली तर भरणाऱ्याचा तांदूळ महाग पडेल. सगळ्यांनी माना हलवल्या. दुसरा म्हणाला, जिथे कधी अपघात होत नाही त्याने का भरावं? तिसरा म्हणाला, तुझ्याकडे होत नाही म्हणजे तू सांगत नाहीस. मग थोडा वेळ बरीच धमाल झाली.

आमचे शेठ उठले तेव्हा जेवण होऊन ते निवांत झाले होते. सकाळचं आपण जिंकल्यात जमा, असंच त्यांना वाटत असावं. "साहेब," ते म्हणाले, "हे फंड, रजिस्टरं, शिक्के, कशाला? आमच्या गावात माणुसकी आहे. आमच्या गिरणीत कुणी जायबंदी झालं तर आम्ही आपसात बघतो. दाराशी टोपली ठेवतो, जो तो मूठ टाकतो. मी मालक, पण मीसुद्धा टाकतो. याच्या वेळी," त्यांनी मोठ्या मनाने भिंतीकडे हात केला, "याच्या वेळी पहिली मूठ माझी होती. विचारा त्याला."

साहेब लिहिता लिहिता थांबले. "कुणासाठी ठेवतात ही टोपली? कुणाहीसाठी?"

"छे, छे. आपल्या गिरणीच्या माणसांसाठीच फक्त."

एवढं बोलून शेठ वेलची चघळत उभे राहिले. मग चघळणं थांबलं. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी त्यांच्याकडे. व्हरांड्यातून कुणीतरी खाकरलं. मामंजींना दिसत नव्हतं, पण त्यांनी माझ्याकडे मान वळवून हळूच विचारलं, "सूनबाई, शेठचा चेहरा कसा झालाय?"

"कणीसारखा," मी म्हटलं.

साहेबांनी त्या बाईला विचारलं, "येत होती का मूठ?"

ती उठली. तिने शेठला टोमणा मारला नाही, काही नाही. जसं झालं तसं सांगितलं. "येयाची, सायेब. शेट खोटं नाय बोलत. पयल्या म्हयन्यात टोपली काठाकाठ भरायची. मग निम्मी. पावसाला आला नि तल दिसाया लागला. मानसं वाईट नाय, त्यांच्या पन घरान पोरं हायेत. मूठ लहान होत ग्येली. मंग एक दिस टोपली आलीच नाय. मी दाराशी बसून रायले, सांज होईस्तवर."

साहेबांनी विचारलं, "फंड असावा असं तुला वाटतं?"

"मना काय ठाव, सायेब? पन मूठ बांदलेली असावी. लोकांच्या ध्येनावर नको."

त्या दिवशी एवढ्या मालकांनी आणि ठेकेदारांनी मिळून जे सांगितलं, त्यातलं मला आज फारसं आठवत नाही. हे आठवतं. साहेबांनीही ते शब्द न शब्द लिहून घेतलं, मी त्यांचा टाक हलताना पाहिला.

संध्याकाळी निकाल झाला. माणूस गिरणीचा होता, भरपाई शेठने द्यायची. शेठने हरकत घेतली नाही. खुर्चीत बसून टोपी हातात फिरवत ते म्हणाले, "साहेब, पहिल्या दिवशीच हो म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी गिरणीला कुलूप लागलं असतं. एकट्याने एवढं कुठून आणू?" साहेबांनी त्यांना हप्ते बांधून दिले. घरी येताना मामंजी मला म्हणाले की फंडाच्या बाजूने आज सगळ्यात चांगली साक्ष शेठने दिली, पण ते त्यांना कळलेलं नाही.

फंडाचं पुढे काय झालं म्हणाल, तर वर्गणीची योजना आली खरी, पण आधी मोठ्या शहरांतल्या मोठ्या कारखान्यांना. आमच्या खाडीकाठच्या पाच-दहा माणसांच्या गिरण्या तिच्यात बसेनात. त्या बसेपर्यंत गिरण्याच कमी झाल्या. टोपल्या मात्र पुढेही बरीच वर्षं ठेवत होते. हप्ते मिळत गेले तसं त्या नवराबायकोने गाड्यांच्या रस्त्याला चाकाचं वंगण विकायचं छोटंसं दुकान टाकलं. वंगण विकायला एक हात पुरतो.

पण हे नंतरचं. निकाल झाला त्या संध्याकाळी, बंगल्याच्या पायऱ्यांवर, मी तिला गाठलं. माफी मागायचं मी सकाळपासून घोकत होते. चांगली तीन वाक्यं तयार केली होती, एका संस्कृत शब्दासकट. तिच्यासमोर उभी राहिले आणि त्यातलं एकही आलं नाही. "माझं चुकलं," एवढंच म्हणाले.

तिने मला नीट पाहून घेतलं. मग म्हणाली,

"चुकला तं चुकला, वयनी. पन खरा सांगू? त्याचा हात ग्येला तवापासून जो तो मना सांगं, गप बस, रडू नको, बाजूला हो. तुमी पयल्याच, जिनी सांगलं, पुढं ये, तुजा हात दे. मना लय बरा वाटला त्या दिवशी. फकस्त पुढल्या बारीला आदी सासऱ्याला इचारा."